रेवड्यांची कुस्ती

तिकोणा पेठेतल्या कोंडाजी वस्तादाला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि ते तो कुणापासून लपवतही नव्हता. उलट चारचौघांत छाती काढून सांगायचा, "मला अक्षर कळत न्हाई, पर मानूस कळतो." यातलं दुसरं साफ खोटं होतं. कसं खोटं होतं, त्याचीच ही गोष्ट.

पहिल्या लढाईत तो पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. तिथं त्याला घरचं पत्र आलं. पत्रं वाचून दाखवणारा कारकून नेमका तापानं फणफणला होता, म्हणून ते पत्र बारा दिवस कोंडाजीच्या खिशातच राहिलं. बारा दिवस हा गडी खिशावर हात ठेवून खुशीत हिंडला. भेटेल त्याला सांगायचा, घरचं पत्र आलंय म्हणून. तेराव्या दिवशी कुणीतरी वाचून दाखवलं, तर आत लिहिलेलं, की पोरगं देवीच्या साथीत गेलं. एकुलतं एक पोरगं. त्याच्या बायकोला, झुंबरबाईला, पुढं मूल झालं नाही.

परत आल्यावर कोंडाजीनं गावात तालीम उभी केली. जागा रखमाजी पाटलाची, छपराचं लाकूडही त्याचंच, कष्ट मात्र सगळे ह्याचे. झुंबरबाई म्हणाली, "अवं, साऱ्या गावाची पोरं गोळा करून काय गावजेवन घालायचं हाय?" तेव्हा हा म्हणाला, "माझ्या तालमीतलं एक बी पोरगं खिशात बंद पत्र घिऊन हिंडायचं न्हाई." झुंबरबाईनं चुलीपुढं बसून डोळ्याला पदर लावला, आणि दुसऱ्या दिवशी तालमीच्या मातीत घालायला ताकाची कळशी स्वतःच घेऊन आली.

आता, कुस्तीचा आणि पत्र वाचण्याचा संबंध काय, असं गावानंही विचारलं. सर्वांत मोठ्यानं विचारलं ते दत्तोबा मास्तरांनी. मास्तर तळेगावकडचे, शाळा चौथीपर्यंतची आणि मारुतीच्या देवळात भरणारी. मास्तरांची तक्रार एकच, की तुमच्या तालमीतनं पोरं येतात ती दमून येतात आणि माझ्यासमोर माना टाकतात. तिसऱ्या दिवशी कोंडाजी देवळात जाऊन म्हणाला, "मास्तर, तुमी पाढे शिकवता ते पोरांस्नी पाठ व्हत न्हाईत. मी बैठका शिकवतो त्या पुऱ्या व्हत न्हाईत. दोन्ही एका दावनीला बांधू."

आणि बांधलंच की! पोरगं बैठकीला खाली गेलं की म्हणायचं "एकोणतीस दुणे" आणि वर आलं की "अठ्ठावन्न". पुन्हा खाली "एकोणतीस त्रिक", पुन्हा वर "सत्त्याऐंशी". जोर काढताना पावकी, निमकी, अडीचकी. कोंडाजीला स्वतःला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो पोरांच्या गुडघ्यांकडं बघत उभा राहायचा. आकडा सापडला नाही की पोरगं वर येता येता अडायचं, गुडघा क्षणभर लटकायचा. झालं, वस्तादाची छडी तिथं टेकलीच. "अडला! पाढा चुकला. पुन्यांदा पहिल्यापासनं." ज्यानं शाळा चुकवली त्याला त्या दिवशी मातीत पाऊल टाकायची बंदी, आणि मातीत न उतरता कडेला बसून राहणं म्हणजे पोरांना मार खाण्याहून वाईट वाटायचं. दोन वर्षांत अशी तऱ्हा झाली, की शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला आले आणि तोंडात बोट घालून बसले. "ही मुलं गणितात इतकी तयार कशी?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "आमच्या गावात गणित पायांनी शिकवतात, साहेब."

बहिरू आला तो मातीबरोबरच आला. तालमीसाठी डोंगरातली तांबडी माती लागायची, आणि ती वरच्या ठाकरवाडीतली बायडाबाई पाटीनं आणून टाकायची. तिच्या मागं मागं तिचा हा पोरगा छोटी पाटी घेऊन यायचा. एकदा कोंडाजीनं पाहिलं, तर दाराबाहेर रिकामी पाटी पालथी घालून हे पोर एकटंच बैठका मारतंय आणि आतल्या पोरांच्या आवाजात आवाज मिसळून पाढा म्हणतंय. आतल्या तिघांचे गुडघे अडले. ह्याचा नाही अडला.

पाटलाला ते रुचलं नाही. ठाकराचं पोर आमच्या पोरांच्या अंगाला अंग लावणार, म्हणून त्यानं नाक मुरडलं. तेव्हा कोंडाजी पाटलाच्या ओसरीवर उभा राहून म्हणाला, "आबा, माती त्येंच्या डोंगरातली. तिच्यात तुमचा नातू लोळतो. मंग पोरगं तेवढं का नगं?" पाटील हसला आणि ती गोष्ट त्यानं तेवढ्यावर सोडली. कोंडाजीला वाटलं, आपण पाटलाला जिंकलं. म्हटलं ना, माणूस कळण्याच्या बाबतीत हा गडी कच्चाच होता.

बायडाबाईनं पोराला आणून त्याच्या पायांवर घातलं. "वस्ताद, हा तुमचा. आमी डोंगरातली मानसं, आमाला काय कळतंय. तुमी सांगाल तसं हा वागंल." कोंडाजीनं बहिरूला माती उचलून कपाळाला लावायला सांगितलं. तालमीत शिरणाऱ्या प्रत्येक पोराकडून तो एक वचन घ्यायचा, की वस्तादाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही. बहिरू म्हणाला, "बरं."

तेच त्याचं बोलणं. बरं. शंभर बैठका, बरं. दोनशे, बरं. तीन वर्षं तो रोज पहाटे वाडीवरून उतरून येत होता. चौथीत गेला तेव्हा मास्तर सांगायचे, की ह्याला मी आता काय शिकवू, मलाच पाटीवर मांडून बघावं लागतं आणि हा नुसता गुडघा हलवतो आणि उत्तर सांगतो. पाटलाचा नातू हौशीराम त्याच्याच वर्गात. मनानं चांगलं पोर, अंगानं दांडगं, डोक्यानं बेताचं. पण तालमीनं त्यालाही चांगलंच पुढं आणलं होतं, आणि अडलं की तो बहिरूकडं जायचा. दोघांची जोडी होती.

त्या दिवाळीत लोणावळ्याहून निरोप आला. तिथं बंगला बांधून राहिलेल्या एका शेठजींनी ठरवलं होतं, की पवन मावळातल्या गावांतून दरवर्षी एक पोर निवडायचं आणि लोणावळ्यात ठेवून, खाऊपिऊ घालून इंग्रजी शाळेत शिकवायचं. वैशाखात परीक्षा. वय बाराच्या आत हवं. बहिरूला बारावं लागलं होतं, म्हणजे ही एकच संधी. मास्तर कोंडाजीला बाजूला घेऊन म्हणाले, "वस्ताद, हा मुलगा निवडला जाणार. मी लिहून देतो." कोंडाजी त्या दिवशी घरी आला तो उड्या मारायचाच बाकी होता. झुंबरबाईला म्हणाला, "आपलं पोरगं सायेब व्हनार, बघ तू." आपलं म्हणाला तो. झुंबरबाईनं ते ऐकलं आणि देवापुढं साखर ठेवली.

चैत्रात गावची जत्रा आली.

जत्रेचा फड म्हणजे साऱ्या मावळाचे पाहुणे. मोठ्या कुस्त्यांआधी पोरांच्या कुस्त्या लागायच्या. त्यांना रेवड्यांच्या कुस्त्या म्हणत, कारण जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या मिळायच्या आणि हरणाऱ्याला काही नाही. त्या साली पंचांनी हौशीराम आणि बहिरूची जोड लावली. तालमीत बहिरूनं हौशीला पन्नास वेळा चीत केलं होतं आणि दोघं हसत हसत उठले होते.

जत्रेच्या आदल्या दिवशी पाटलानं कोंडाजीला बोलावून घेतलं. चहा पाजला. मग म्हणाला, "कोंडाजी, उद्या साऱ्या मावळातनं सोयरे येनार. त्येंच्यासमोर ठाकराचं पोर माझ्या नातवाच्या छाताडावर बसलेलं मला चालायचं न्हाई."

"आबा, रेवड्यांची तर कुस्ती. पोरांचा खेळ."

"खेळच. म्हनून तर म्हनतो, खेळ म्हनून सोडून दे. न्हाईतर परवापासनं तालमीला कुलूप. जागा माजी हाय." आणि जरा थांबून, सुपारी कातरत, "आनि वाडीवाल्यांची गुरं आमच्याच रानात चरत्यात, ते बी तुला ठावं हाय."

कोंडाजी उठला. वाटेनं त्याचं डोकं भणभणत होतं. शिव्या तर त्यानं इतक्या दिल्या, की बांधावरची शेळी बिचकून पळाली. पण तालमीपाशी येईपर्यंत शिव्या आटल्या आणि हिशेबी शहाणपण सुरू झालं. चाळीस पोरांची तालीम. तिला कुलूप लागलं की चाळिसांची शाळा बुडाली. शिवाय बहिरूची परीक्षा महिन्यावर आलेली. एका रेवड्यांच्या कुस्तीत काय जातंय? हे सगळं त्यानं मनाशी नीट लावलं, आणि ते इतकं नीट लागलं, की त्याला स्वतःचा राग येईनासा झाला.

बहिरू माती चाळत होता. कोंडाजी त्याच्याकडं न बघता म्हणाला, "उंद्या हौशीखाली पाठ टेकवायची."

बहिरूचे हात थांबले. त्यानं 'का' विचारलं नाही. तसं वचनच होतं. नुसता बघत राहिला. ते बघणं कोंडाजीला सोसेना, म्हणून जे एवढ्यावर संपवायचं ते त्यानं वाढवलं. लाज वाटली की माणूस जास्त बोलतो, तसा तो बोलत सुटला. "हे बघ. हौशी पाटलाचा नातू. त्येच्याशी तुजी गाठ पडली, की तू खाली ऱ्हायाचं. त्यात तुजं भलं, तालमीचं भलं, तुज्या वाडीचं भलं. आनि कुनाला कळता कामा नये. गाठ पडली की खाली. समजलं?"

"बरं," बहिरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हलगी कडकडली, दोघं मातीत उतरले. बहिरूनं हौशीचा हात धरून त्याला केव्हाच खाली आणलं होतं, आता नुसतं उलटायचं राहिलं होतं. तिथं तो थांबला. त्यानं मान वर करून गर्दीत कोंडाजीला शोधलं. कोंडाजीनं किंचित मान हलवली. मग बहिरूनं पकड ढिली केली, हौशीला अंगावर घेतलं, आणि पाठ अशी बेमालूम टेकवली की पंचांनाही शंका आली नाही. टोप्या उडाल्या. पाटलानं नातवाला खांद्यावर घेतलं. हौशी मात्र खांद्यावर बसून बावळटासारखा बहिरूकडं बघत होता, कारण पकड सुटली कशी ते त्याच्या दंडाला ठाऊक होतं. मागून त्यानं अर्ध्या रेवड्या बहिरूला नेऊन दिल्या. बहिरूनं त्या घेतल्या आणि आईकडं दिल्या.

कोंडाजीला, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं. तालीम वाचली. आणि पोरगं काय गुणाचं! एका शब्दावर. रात्री जेवताना त्यानं झुंबरबाईला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "गुनाचं हाय म्हनूनच सांगितलंत व्हय त्याला हरायला?" ह्यानं भाकरी मोडली आणि विषय बदलला.

वैशाखात परीक्षेचा दिवस आला. हौशी आणि मास्तर पाटलाच्या गाडीतून बेडश्याच्या रस्त्यानं कामशेतला जाऊन पुढं आगगाडी धरणार होते. गाडीत जागा होती. बहिरूला कुणी बस म्हणालं नाही. मास्तर काही बोलायला गेले, पण पाटलाकडं बघून त्यांनी उपरणं नीट केलं. म्हणून बहिरूला कोंडाजी घेऊन निघाला, पहाटेच, पायी, दुधिवऱ्याच्या खिंडीतून. बायडाबाईनं नाचणीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या.

खिंड चढताना बहिरूनं विचारलं, "वस्ताद, हौशी बी बसनार हाय ना?"

"व्हय. तो बी बसनार."

"निवडनार एकच?"

"एकच."

बहिरू थोडं चालला. "मंग?"

कोंडाजीच्या डोक्यात शेठजींचा बंगला होता. तिथं आपल्याला आत घेतील का, धोतर धुतलेलं आहे पण फाटकी कड दिसतेय का, असलं काहीतरी. तो म्हणाला, "मंग काय? तालमीत शिकलास तसंच वागायचं. आता आयत्या वक्ताला येगळं काय सांगायचं तुला?"

"बरं," बहिरू म्हणाला.

बंगल्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर अकरा पोरं बसवली. कोंडाजी बाहेर जांभळीखाली उकिडवा बसला. इथून त्याला कागद दिसत नव्हता, पण गुडघा दिसत होता. बहिरू मांडी घालून बसला होता आणि त्याचा उजवा गुडघा जरा जरा वर-खाली होत होता. खाली, वर, खाली, वर. कुठं अडत नव्हता. कोंडाजी गालातल्या गालात हसला. बाकीची पोरं पेन चावत होती, हौशी डोकं खाजवत होता, आणि ह्याचा गुडघा आपला चाललाच होता. वेळ संपायला थोडा अवकाश असताना बहिरूनं मान वर केली. हौशीकडं बघितलं. मग बाहेर, जांभळीखाली, वस्तादाकडं बघितलं.

कोंडाजीला वाटलं, पोरगं धीर मागतंय. त्यानं मोठ्या मायेनं मान हलवली, की हं, चालू दे.

बहिरूनं पेन खाली ठेवला आणि हाताची घडी घालून बसून राहिला. सगळ्यांच्या आधी झालं, असं कोंडाजीला वाटलं. परत येताना मळवलीच्या अलीकडं त्यानं त्याला चार पेढे घेऊन दिले.

निकालाचं पत्र जेठ महिन्यात आलं. कोंडाजीला घरी थांबवेना, म्हणून तो बेडश्यापर्यंत चालत गेला होता आणि डाकवाल्याकडून शाळेचं पाकीट त्यानं हात जोडून मागून घेतलं. घेतलं, पण वाचणार कोण? ते खिशात घालून तो परत निघाला. उन्हाचा, अनवाणी, खिशावर हात ठेवून. वाटेत भेटेल त्याला सांगत आला, की आमच्या बहिरूचं पत्र आलंय, लोणावळ्याहून. निम्म्या वाटेवर त्याला एकदम बसऱ्याची आठवण झाली आणि त्याचा हात खिशावरून आपोआप खाली आला. पण त्यानं स्वतःलाच शिवी हासडली आणि पाय उचलला.

मास्तरांनी पाकीट फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"अवो, सांगा की!"

"हौशीराम निवडला गेला," मास्तर म्हणाले. "बहिरू दुसरा. चार मार्कांनी."

कोंडाजी देवळाच्या पायरीवर बसला.

"शेठजींच्या कारकुनानं खाली लिहिलंय," मास्तर ओळीवर बोट ठेवून म्हणाले. "बहिरू यानं शेवटची दोन गणितं कोरी सोडली. प्रत्येकी पाच मार्कांची. एक जरी केलं असतं तरी तो पहिला होता. वस्ताद, ही गणितं तो झोपेत सोडवतो. घाबरला असेल का?"

संध्याकाळी चावडीवर पाटलानं पेढे वाटले. आणि चार माणसांसमोर कोंडाजीच्या डोक्याला केशरी फेटा बांधला. पाटील म्हणाला, "लोक म्हनत्यात तालमीत पोरं वाया जात्यात. आता बघा! ह्या तालमीनं माझ्या नातवाला लोनावळ्याच्या शाळंत धाडलं. कोंडाजी वस्तादाचं नाव काढलं पायजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जे बोलला त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. कोंडाजी फेट्याखाली घामाघूम उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बहिरू नेहमीसारखा आला. कोंडाजीनं बाकीच्या पोरांना बाहेर काढलं, दार लावलं आणि ओरडलाच. "का रं? हागलास तितं जाऊन? तीन वर्सं रक्त आटवलं मी तुज्यापायी! भ्यालास व्हय?"

"न्हाई."

"मंग आलं न्हाई तुला?"

कोंडाजीनं ती दोन गणितं मास्तरांकडून ऐकून ध्यानात ठेवली होती. "मार बैठका. मार म्हनतो! आठ मानसं एक बांध पंधरा दिसांत घालत्यात. धा मानसांना किती दिस?"

बहिरू खाली गेला. "आठ पंधरं एकशेवीस." वर आला. "धानं भागलं, बारा." गुडघा अडला नाही.

"आगगाडी तासाला अठरा मैल जाती. पंचेचाळीस मैलांला किती?"

खाली. "अठरा दुणे छत्तीस, राहिलं नऊ." वर. "अडीच तास." गुडघा अडला नाही.

कोंडाजीनं छडी मातीत टाकली. "आरं, मंग लिवलं का न्हाईस?"

"तुमी सांगितलं व्हतं की." बहिरू अजून बैठका मारत होता, कारण थांब कुणी म्हणालं नव्हतं. "हौशीशी गाठ पडली की खाली ऱ्हायाचं. कुनाला कळता कामा नये. मी खिंडीत इचारलं बी. तुमी म्हनला, तालमीत शिकलास तसंच वागायचं. आनि मंग बंगल्यात बघितलं तुमच्याकडं. तुमी मान हलवलीत." खाली गेला, वर आला. "धा मार्कांचं सोडलं मी. हौशीचं काय काय चुकनार ते मला ठावं व्हतं. तेवढंच सोडलं." मग जरा घाबरून त्यानं विचारलं, "का, वस्ताद? कुनाला कळलं का?"

कोंडाजी मातीत मटकन बसला. त्यानं बहिरूचे दोन्ही गुडघे धरून त्याला थांबवलं आणि त्या गुडघ्यांवरच डोकं टेकून तो रडला. डोक्याला कालचा फेटा तसाच होता. मग म्हणाला, "चुकलं माजं. ऐक आता. पुन्यांदा कुनाम्होरं पाठ टेकायची न्हाई. कुनी बी सांगू दे. मी सांगितलं तरी न्हाई. समजलं?"

"बरं," बहिरू म्हणाला.

अगदी तसंच म्हणाला. माती चाळताना म्हणाला होता तसं, खिंडीत म्हणाला होता तसं.

कोंडाजी मास्तरांकडं गेला. मास्तर म्हणाले, हौशीचं नाव कायम झालंय, पुढच्या साली बहिरूचं वय बसत नाही, आणि शेठजींना लिहू तरी काय? की वस्तादानं पोराला हरायला शिकवलं होतं? लिहितो मी, पण खाली अंगठा तुमचा. कोंडाजीनं अंगठा पुढं केला. मग त्याला तालमीचं दार दिसलं, पाटलाचं कुलूप दिसलं, चाळीस पोरं दिसली. अंगठा हवेतच राहिला. मास्तरांनी दौतीचं झाकण लावलं. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही.

निदान आईला तरी सांगावं म्हणून तो ठाकरवाडीवर चढला. बायडाबाई अंगणात शेण सारवत होती. त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पाटलाचा चहासुद्धा. वाटलं, ही शिव्या देईल, दगड उचलेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं त्याला.

तिनं हात धुतले आणि त्याला बसायला घोंगडं टाकलं. "त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं, वस्ताद? मोठ्याच्या पोराम्होरं खाली बसावं, हे आमी बी त्याला पहिल्यापासनं शिकवतोच की. म्हनलं, साळंत आनि तालमीत जाऊन इसरतंय का काय पोर. तुमी ध्यानात ठेवायला लावलंत, बरंच केलंत." आणि आत जाऊन तिनं फडक्यात बांधलेल्या जत्रेतल्या रेवड्या आणून त्याच्यापुढं ठेवल्या. पाहुण्याला द्यायला घरात तेवढंच गोड होतं. कोंडाजीनं एक उचलून तोंडात टाकली. ती त्याला गिळवेना आणि थुंकवेनाही.

आठवड्यानं हौशी लोणावळ्याला निघाला. पावसानं बेडश्याचा ओढा फुगला होता, गाडी जायची नाही, म्हणून खिंडीतून पायी जायचं ठरलं. हौशीची ट्रंक होती, लोखंडी, पुस्तकांनी आणि कपड्यांनी भरलेली. ती उचलायला पाटलानं वाडीवर निरोप धाडला आणि बहिरूला बोलावून घेतलं.

सारा गाव वेशीपर्यंत पोचवायला आला होता. कोंडाजीला फेटा बांधून यावंच लागलं. बहिरूनं चुंबळ ठेवली, गुडघे वाकवून खाली बसला, दोघांनी ट्रंक त्याच्या डोक्यावर चढवली, आणि तो सरळ वर उठला. हौशी पुढं झाला. "आजा, एक कडी मी धरतो. लय जड हाय ती." पाटलानं त्याचा हात बाजूला केला. "तू नगं. तुजे कपडे मळतील." मग पाटील कोंडाजीकडं वळला आणि कौतुकानं म्हणाला, "पर वस्ताद, मानंला बाकी तोड न्हाई हां पोराच्या. तालमीतली मान ती!"

कोंडाजीनं मान खाली घातली.

बहिरू चालायला लागला. चढाला लागला तसे त्याचे ओठ हलायला लागले, आणि जवळून जाताना कोंडाजीला ऐकू आलं. एक पाऊल, "एकोणतीस दुणे". दुसरं पाऊल, "अठ्ठावन्न". कोंडाजीनं सवयीनं त्याच्या गुडघ्यांकडं बघितलं. पार खिंडीच्या वळणापर्यंत बघत राहिला, कुठंतरी अडेल, एकदा तरी अडेल म्हणून. गुडघा कुठंच अडला नाही. मग पोरं दिसेनाशी झाली आणि लोक घरी परतले.